कागदी रुमालावरून वाचलेलं गाणं

दुपारपासून डोकं तापलंय. सत्तरच्या दशकात गाजलेल्या 'कार्पेंटर्स' या अमेरिकन भाऊ-बहिणीच्या जोडीतली गायिका कॅरन कार्पेंटर, तिचं एक गाणं कुणीतरी शेअर केलं. त्याखाली एका चांगल्या वाचत्या-ऐकत्या माणसाने लिहिलं, "ही तर लिफ्टमध्ये वाजणारी गाणी. ईझी लिसनिंग. यात गाण्यासारखं आहे काय?" लगेच खाली दुसऱ्याची भर, "डाएटिंग करून गेली ती हीच ना?" दोन ओळींत बाईचा निकाल लागला. गाणं सोपं आणि मरण मूर्खपणाचं.

आपल्या मंडळींना हे सांगायची गरज नाही, पण आज लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

साल १९७१. लॉस एंजेलिसमध्ये 'सुपरस्टार' या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू आहे. भाऊ रिचर्डने ते गाणं टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात बेट मिडलर या गायिकेच्या तोंडून ऐकलं आणि तो हटून बसला, हे आपण करायचंच. कॅरनला ते सुरुवातीला आवडलंही नव्हतं. रिचर्डने शब्द एका कागदी रुमालावर खरडून तिच्या हातात दिले. तिने ते वाचत वाचत एकदा गायलं. असा आवाज फक्त वाजवणाऱ्यांना आपण गाण्यात कुठे आहोत ते कळावं म्हणून भरतात. खरा आवाज मागाहून, निवांत, दहा-वीस प्रयत्नांनंतर घ्यायचा असतो. इथे तशी वेळच आली नाही. रुमालावरून वाचलेला तोच आवाज ठेवला, तोच रेकॉर्डवर गेला आणि गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. तेव्हा ती २१ वर्षांची होती.

आता कुणी म्हणेल, बघा, एका दमात झालं, म्हणजे सोपंच होतं.

नाही हो! त्या एका दमामागे पाच वर्षं आहेत. १९६६ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती जो ऑसबर्न या बास गिटारवादकाच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत जाऊ लागली. ऑसबर्न दिवसभर इतरांच्या रेकॉर्डिंगमध्ये अडकलेला असायचा, त्यामुळे यांचं काम मध्यरात्री सुरू व्हायचं. यंत्र चार ट्रॅकचं, म्हणजे टेपवर वेगवेगळं भरायला चारच पट्टे. त्यांची एक छोटी रेकॉर्ड निघाली ती अवघ्या ५०० प्रतींची, आणि कुठे पोचली नाही. लाँग बीचच्या कॉलेजात फ्रँक पूलर यांच्या हाताखाली समूहगायन झालं. एक बँड बनला, मोडला. दारोदार टेप पाठवून नकार घेतले. २२ एप्रिल १९६९ ला ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, तर पहिला अल्बम फारसा चालला नाही. त्या गॅरेजात या मुलीला एक गोष्ट उमगली होती. आपला आवाज वर नेऊन लोकांना चकित करण्यात अर्थ नाही, आपलं धन खाली मंद्रात आहे.

हे 'खाली' प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. आवाज खाली नेला की तो बारीक होतो, त्याचा जोर ओसरतो. बहुतेक गायक तिथे दोनपैकी एक चूक करतात. एक तर जोर लावतात, मग घसा खरखरतो आणि सूर किंचित खाली सरकतो. नाहीतर श्वास सोडून देतात, मग सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू येते. कॅरन यातलं काहीच करत नाही. ती मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन, बोलण्याच्या आवाजापेक्षा जेमतेम मोठं गाते, आणि तरी सूर भरीव राहतो. माईक इतका जवळ असला की 'प', 'ब' चा फटका बसतो, 'स' शिटीसारखा टोचतो, लाळेचा आवाजसुद्धा येतो. ते टाळायला त्या अक्षराला तोंड कणभर वळवायचं, पण वळवताना स्वराचा रंग बदलू द्यायचा नाही. लांब स्वर आधी सरळ, कंप न देता धरायचा आणि कंप येऊ द्यायचा तो अगदी शेवटी. ओळ संपल्यावर श्वास कुठे घेतला ते कळू द्यायचं नाही, आणि जिथे कळायला हवा तिथे लपवायचा नाही. रुमाल हातात धरून, शब्द पहिल्यांदाच समोर असताना, ती हे सगळं करते आहे. डोळे पुढच्या शब्दावर आणि घसा मागच्या स्वरावर. स्वतः करून बघा एकदा, मग सोप्याचं बोला.

मागचा तो मोठा गायकवृंद? तो नाहीच. ती दोघंच आहेत, कॅरन आणि रिचर्ड. चार भागांची सुरावट असेल तर दोघांनी मिळून एक भाग गायचा. मग तोच भाग पुन्हा, कधी तिसऱ्यांदा, तंतोतंत तसाच. मग दुसरा भाग. टेपवर जागा मोजकी, म्हणून भरलेले ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं भरायचं. उतरवलं की मागे फिरता येत नाही, एक आवाज चढा राहिला तर तो कायमचा चढा. यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाचा. पहिल्या वेळी 'ट' इथे पडला आणि दुसऱ्या वेळी केसभर उशिरा पडला, तर ऐकताना ताटं आपटल्यासारखं होतं. यावरचा जुना उपाय असा की एकाच आवाजात व्यंजन नीट उच्चारायचं आणि बाकीच्यांत ते जवळजवळ गिळायचं. हे जमण्यासाठी आपण मघाशी काय गायलो ते स्नायूंना आठवावं लागतं. मऊ दुलईसारखा वाटणारा तो आवाज असा टाका टाका घालून शिवलेला आहे.

बरं, मान्य. काही गाण्यांत व्हायोलिनं जरा जास्तच गोड झाली आहेत आणि १९७६ नंतरच्या अल्बममध्ये भरीची गाणी आहेत. झालं मान्य करून.

पण सगळं गोडच होतं म्हणणाऱ्यांनी १९७२ चं 'गुडबाय टू लव्ह' ऐकावं. संथ प्रेमगीतात टोनी पेलुसोची फाटक्या, कर्कश आवाजाची गिटार येते. त्या वेळी ऐकणाऱ्यांनी चिडून पत्रं लिहिली होती, तुम्ही बिघडलात म्हणून. आज अशा गिटारचं कुणाला काही वाटत नाही.

आता ज्याचा मला खरा राग आहे ते. ती ड्रमर होती. 'ड्रमही वाजवायची' असं नव्हे. आधी ड्रमर, मग गायिका.

लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी गावी शाळेत व्यायामाचा तास चुकवायला ती बँडमध्ये गेली, तिथे हातात धातूच्या पट्ट्यांचं वाद्य दिलं. तिचं लक्ष शेजारच्या ड्रमवाल्या मुलांकडे. घरी स्वयंपाकघरातली उंच स्टुलं मांडून ती चॉपस्टिक्सनी त्यांवर ताल धरायची. बँडमधल्या एका मित्राकडून धडे घेतले, जॅझ ड्रमर जो मोरेलो याच्या रेकॉर्ड लावून त्याच्याबरोबर वाजवलं. पाच मात्रांचे, नऊ मात्रांचे ताल, जॅझमधले. २४ जून १९६६ ला हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावरच्या बँडच्या स्पर्धेत रिचर्डच्या त्रिकुटाने पहिलं बक्षीस मिळवलं तेव्हा ती ड्रमवर होती, वय १६.

ड्रम वाजवत गाणं म्हणजे काय ते तबल्यावर बसून गाऊन पाहिलेल्यांना थोडंफार कळेल, आणि इथे वर दोन पायही कामाला असतात. उजवा पाय मोठ्या ड्रमवर, डावा झांजांच्या जोडीवर, दोन हात वेगवेगळे. पाय जोरात पडला की पोटाला झटका बसतो आणि नेमका तिथेच लांब स्वर धरलेला असतो. श्वास पोटातून घ्यायचा तर पोट मोकळं नाही. यातून जी निघते तिचा ताल डोक्यात नसतो, हाडात असतो. आता परत त्या कागदी रुमालाकडे चला. रुमालावर फक्त शब्द होते. कुठला शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवायचा, कुठला नेमका ठोक्यावर टाकायचा, हे रुमालावर कुणी लिहून दिलं नव्हतं. ते त्या स्टुलांवर शिकलेलं होतं. 'सुपरस्टार'मध्ये ड्रम हॅल ब्लेनने वाजवले आहेत, पण शब्द टाकते आहे ती एक ड्रमर.

आणि मग तिला पुढे आणलं. सव्वापाच फूट उंचीची मुलगी, ड्रमच्या मागे दिसतच नाही, लोक विचारतात गाणारी कुठे आहे. मॅनेजर, कंपनी, सगळ्यांनी धोशा लावला. तिला नको होतं. थोडी थोडी करत ती पुढे आली आणि १९७३ पासून मैफलींत बहुतेक वेळ ड्रमवर दुसरा माणूस बसू लागला. ध्वनी सांभाळणाऱ्यांची अडचण खरी होती, तेवढं कबूल. इतक्या हळू गाणाऱ्या आवाजासाठी माईक बराच उघडावा लागतो, आणि मग हातभर अंतरावरची झांज त्यातच शिरते. पण ज्या बाईने ड्रममागून जग जिंकलं, तिला हात मोकळे सोडून, झगा घालून, दिव्याखाली एकटीला उभं केलं. आता लोक तिचं गाणं ऐकत होते आणि तिचं शरीर बघत होते. १९७५ मध्ये एका मासिकाच्या वाचकांनी तिला वर्षातली सर्वोत्तम ड्रमर ठरवलं, लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जॉन बॉनमच्याही वर. बॉनमपेक्षा ती सरस होती असं मीही म्हणणार नाही. पण मत देणाऱ्यांना ती ड्रमर म्हणून आठवत होती, हे मला पुरेसं आहे.

'सोपं' या शब्दाने आपल्याकडेही कमी नुकसान केलेलं नाही. आकाशवाणीने 'सुगम संगीत' असं नाव दिलं आणि आपण भावगीत गाणाऱ्याला शास्त्रीयवाल्यापेक्षा पायरीभर खाली बसवलं. तीन मिनिटांत शब्द, सूर आणि अर्थ तिन्ही सांभाळणारा माणूस म्हणे हलका! अमेरिकेत तर 'ईझी लिसनिंग' नावाची लोकप्रियतेची वेगळी यादीच होती. त्या यादीत, आणि पुढे तिचं नाव बदललं तरी, कार्पेंटर्स भावंडांची १५ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. ऐकणाऱ्याला सुगम व्हावं म्हणून गाणाऱ्याने दुर्गम वाट चाललेली असते.

आता दुसऱ्या कॉमेंटबद्दल. लिहिताना राग जरा निवला आहे, म्हणून शांतपणे लिहितो.

ती डाएटिंगने गेली नाही. तिला अॅनोरेक्सिया नर्व्होसा होता, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने माणूस खाणंच टाळत जातो तो मनाचा विकार. तो आजार आहे, हट्ट नाही, फॅशन नाही. वजनाचे आकडे मी इथे लिहिणार नाही. जिथे तिथे तेच आकडे लिहून लोकांनी तिचा तमाशा केला आहे. १९७५ मध्ये ती इतकी थकली की ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले. त्या वेळी या आजाराचं नावही सामान्य माणसाला माहीत नव्हतं, घरच्यांना वाटे की 'जेव गं' म्हटलं की सुटेल. तो 'जेव गं' म्हणून सुटत नाही. १९८२ मध्ये ती उपचारांसाठी न्यूयॉर्कला जाऊन राहिली, इस्पितळात नळीवाटे पोषण दिलं, वजन वाढलं, सगळ्यांना हायसं वाटलं. पण वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या हृदयावर जो घाला पडलेला असतो तो वजनाच्या काट्यावर दिसत नाही. ४ फेब्रुवारी १९८३ ला सकाळी डाउनीला आईवडिलांच्या घरी ती कोसळली. ३३ वा वाढदिवस महिन्याभरावर होता.

त्याआधीचा एक अन्याय सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७९ मध्ये रिचर्ड झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेत होता, तेव्हा तिने न्यूयॉर्कला फिल रमोन या निर्मात्याबरोबर एकटीचा अल्बम केला. आयुष्यात पहिल्यांदा भावाशिवाय. स्वतःचे पैसे घातले. कंपनीने ऐकला, रिचर्डने ऐकला, आणि तो गुंडाळून ठेवला. बाहेर आला १९९६ मध्ये, तिला जाऊन १३ वर्षं झाल्यावर. तो अल्बम थोर आहे असं नाही, हेही कबूल करतो. पण तो बरा की वाईट हे ठरवायचा हक्क ऐकणाऱ्यांचा होता, आणि ती हयात असताना होता. तो मात्र कुणालाच मिळाला नाही.

१९८२ च्या एप्रिलमध्ये, न्यूयॉर्कचे उपचार चालू असताना, ती काही दिवस घरी आली आणि थोडं रेकॉर्डिंग केलं. त्यातलं 'नाऊ' हे गाणं तिने एकदाच गायलं. तेही मागाहून नीट घ्यायचं म्हणूनच गायलेलं असणार, रुमालावरच्या गाण्यासारखं. शरीर पार खंगलेलं, आणि मंद्रातला सूर जागच्या जागी. या वेळी मागाहून घ्यायला ती उरली नाही, तोच आवाज रेकॉर्डवर गेला.

मित्रांनो, आज रात्री दोन गोष्टी करा. कानाला हेडफोन लावून 'सुपरस्टार' ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, खालचा सूर त्यात पोचतच नाही. मग १९७३ चा 'नाऊ अँड देन' अल्बम लावा. त्यातल्या जवळजवळ सगळ्या गाण्यांत ड्रम तिने स्वतः वाजवले आहेत. आवाजाकडे लक्ष देऊ नका, एकदा फक्त तिचे हात ऐका.