पळीभर कॉफीचा अपमान

परवा प्रभात रोडवरच्या एका कॉफीवाल्याकडे जीएसटीसकट २५२ रुपये मोजले, हातात आलेली भातुकलीतली कपबशी एका घोटात रिकामी केली आणि काउंटरपाशीच उभा राहिलो. मला वाटलं, चव बघायला दिलीय. कॉफी मागून येईल.

पाच मिनिटांनी पोऱ्या म्हणाला, "सर, काही हवंय?"

"कॉफी."

"सर, ती तुम्ही प्यायलात."

शेजारच्या स्टुलावरचा दाढीवाला इतका वेळ गंमत बघत होता. "काका," तो म्हणाला (पोट त्याचं माझ्याहून पुढे होतं, तरी काका मीच), "काय लागलं?"

"चटका."

"तसं नाही हो. नोट्स!" त्याने माझ्यापुढे चवींचं एक कार्ड सरकवलं. जर्दाळू, गूळ, संत्र्याचं फूल.

"मला आंबट लागली."

"आंबट नाही काका. ब्राइट."

म्हणजे मागच्या आठवड्यात आमच्याकडे डोशाचं पीठ ब्राइट झालं होतं आणि आम्ही ते उगाच फेकून दिलं.

मग त्याने माझी शिकवणीच सुरू केली. स्वतःच्या कपातून असा काही भुरका मारला, की लहानपणी मी तो मारला असता तर आजीने पळी फेकली असती. आजीची कॉफी म्हणजे म्हशीचं दूध, मूठभर साखर आणि सहाणेवर उगाळलेलं जायफळ. त्यात कॉफी कितपत असायची कुणास ठाऊक, पण पेला भरलेला असायचा! इथे एस्प्रेसोच्या यंत्रात १८ ग्रॅम पूड, ९ बार दाब, २७ सेकंद, आणि हाती ३६ ग्रॅम. आमचा कुकर एका बारला शिट्टी मारतो. नऊ कुकरांचा जोर लावून हे एवढंसं.

"चिकमंगळूरची आहे, सिंगल इस्टेट, एकाच मळ्यातली," तो म्हणाला आणि थेट सूफी संत बाबा बुदानांवर गेला. सतराव्या शतकात हजहून येताना त्यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. मला ती ठाऊक होती, पण तो थांबेना. अहो, बाबांनी सात बियांत अख्खा डोंगर उभा केला. यांना माझ्या एका घोटाला शंभरावर बिया लागतात.

पाकीटही दाखवलं. मळ्याची उंची १,२०० मीटर. सिल्व्हर ओकची सावली, त्यावर मिऱ्याचे वेल, फळ कुठल्या दिवशी तोडलं, किती दिवस वाळवलं, सगळं छापलेलं. "सस्टेनेबल," तो म्हणाला, म्हणजे टिकाऊ. माझी तर कपातही टिकली नव्हती.

"आणि ही फळं तोडणाऱ्या बाईला दिवसाचे किती मिळतात?" मी सहज विचारलं. खरं तर सहज नाही, खुन्नसनेच विचारलं.

तो पहिल्यांदाच गप्प झाला. "मागे असेल लिहिलेलं."

आम्ही पाकीट उलटं केलं. मागे धनेश पक्ष्याचं चित्र होतं. काढलाय मात्र सुरेख, खोटं कशाला बोलू.