काश्मीर झालं, कन्याकुमारी झालं, आता सोसायटीत शिरून दाखवा

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन भारत पालथा घातलात? अभिनंदन. आम्ही दोघंही गेल्याच रविवारी परतलो. जाताना दिल्लीवरून श्रीनगर, तिथून ४४ नंबरचा हायवे धरून थेट कन्याकुमारी, आणि बंगळूरहून ४८ नंबरच्या हायवेनं घरी. ६२ दिवस, आठ हजारांवर किलोमीटर. एवढं करून आता प्रवास संपला अशी ज्यांची भाबडी समजूत आहे, त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे बोल. घर पुण्यात कोथरूडला असेल तर नीट वाचा.

शेवटच्या दिवशी कोल्हापुरातून पहाटेच निघा. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, चार नाके आहेत, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. कुठल्यातरी नाक्यावर कुणीतरी गाडीकडे बघून विचारेल, "रक्तदानाची गाडी का?" हो म्हणा. दोन महिन्यांच्या टोलचा हिशोब काढलात तर ते फारसं खोटंही नाही.

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत मस्त उतार लागतो. तिथे गाडी न्यूट्रलवर टाका, डिझेल वाचेल.

नाही, थांबा. यावर थट्टा नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथेच एका ट्रकनं डझनावारी गाड्या चेपल्या होत्या. आपल्या पाठीवर भांड्याकुंड्यांसकट अख्खं घर असतं, ते मागून ढकलत राहतं. खालच्या गिअरमध्येच उतरा. हं, पुढे.

चांदणी चौकातून कोथरूडला कुठून उतरायचं हे मला विचारू नका.

आता मुख्य सल्ला. निघण्यापूर्वी सोसायटीचं गेट मोजून ठेवा. आणि परत येण्यापूर्वी पुन्हा मोजा, कारण ६२ दिवसांत गेटची उंची कमी होते. आमच्या गाडीची उंची २.९ मीटर, म्हणजे साडेनऊ फूट. निघालो तेव्हा गेटला वर काहीच नव्हतं, आकाश होतं. परत आलो तर कमान! दोन बाजूंना कमळाचे खांब, मध्ये गणपती, त्याच्याभोवती रंग बदलणारी लायटिंग, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'सुस्वागतम्'. कमानीची उंची नऊ फूट.

मला हे सगळं गेटवर उभं राहून शांतपणे मोजता आलं असतं. पण मी स्टिअरिंगवर होतो आणि वॉचमनकाका समोर उभे राहून दोन्ही हातांनी "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. ही खूणगाठ बांधून ठेवा: 'येऊ द्या' म्हणणारा माणूस कधीही वर बघत नाही. त्याची नजर चाकावर असते. कन्याकुमारीच्या अलीकडे मुप्पंदलला, जिथे पवनचक्क्यांचं रानच आहे, तिथल्या वाऱ्यानं गाडी लेनच्या बाहेर ढकलली होती, पण छतावरचा सोलार पॅनेल जागचा हलला नव्हता. तो आमच्या स्वागतकमानीनं उचकटला.

मग सेक्रेटरी खाली आले. चिडू नका, असं आधी मनाशी ठरवून ठेवा. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, कमानीला पोचा आला का ते पाहिलं. मी म्हटलं, "अहो, मला न विचारता कमान कशी बांधली?" तर खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि मला स्क्रीन दाखवली. "तुमचाच अंगठा आहे की. बघा, १४ तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटं."

खरंच होता. त्या दुपारी मी धनुष्कोडीला होतो. दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये रस्ता, आणि कसाबसा मिळालेला रेंजचा एक दांडा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न वाचलेले ४३ मेसेज. पाण्याचा टँकर, सुप्रभात, लिफ्ट, गोडा मसाला कुणाला हवाय का, पुन्हा सुप्रभात. टँकरला म्हणून अंगठा दिला, तो कमानीवर बसला. "वाचायचं तरी!" ही म्हणाली. तिनं तोच मेसेज वाचून हात जोडले होते, हे मला नंतर कळलं.

मग सोसायटीतले सगळे तज्ज्ञ जमतात. एक जण म्हणेल, टायरची हवा काढा, दोन इंच खाली बसेल. एरवी पुण्यात लोक दुसऱ्याच्या टायरची हवा फुकटात आणि न सांगता काढतात, त्या दिवशी मी हात जोडून बोलावलं तर एकही पुढे आला नाही. दुसरा म्हणेल, "हल्ली कॅरव्हॅनसाठी सरकारचं धोरण आहे ना?" आहे, २०२१ पासून. त्यात आमच्या गेटचा उल्लेख नाही. तिसरे आजोबा काठीनं चाकाला टकटक करून विचारतील, "हॉटेलं बंद होती का तिकडे?"

गाडी रस्त्यावरच लावा. समोरच्या बंगल्याची पाटी तुम्हाला पाठ असेलच.

टॉयलेटची टाकी मात्र रात्रीवर टाकू नका. अठरा लिटरची असते, सुटकेससारखी चाकं आणि दांडा असतो, आणि पुण्यात ती कुठे रिकामी करायची याची पाटी कुठेही नाही, म्हणजे बघा. तेव्हा ती घरीच न्यायची. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटतातच. त्या टाकीकडे कौतुकानं बघून विचारतात, "काश्मीरहून काय आणलंत?" केशर म्हणा आणि पाचवा मजला येईपर्यंत श्वास रोखून धरा.

मागच्या गेटनं आत जाऊ म्हणाल, तर तिथे कव्हर घातलेल्या दोन गाड्या आहेत. २०१७ पासून आहेत. एकीच्या मालकांनी गाडी चालवणं सोडलंय, दुसरीचे मालक मुलाकडे परदेशात. दोन्ही गाड्यांची चाकं जमिनीला चिकटलीत, एकीखाली मांजरीची पाच बाळंतपणं झाली. पण हलवायचा विषय काढला की "भावना आहेत हो त्यात."

भावना! आणि माणसं?

ज्या जातीच्या गाडीवर आमचं घर बांधलंय ना, त्याच टेम्पो ट्रॅव्हलरवर आपल्याकडच्या कितीतरी अँब्युलन्स बांधलेल्या असतात. वर दिवा असतो तो वेगळा. म्हणजे जिथे माझी गाडी अडली तिथे तीही अडू शकते. अग्निशमनचा बंब तर त्याहून उंच, तो गल्लीतूनच तुमचं सुस्वागतम् वाचत बसेल. सी विंगमध्ये ऐंशीच्या पुढचे सात जण राहतात. त्यांतल्या एखाद्याला रात्री दोन वाजता छातीत दुखलं, तर स्ट्रेचर ढकलत गेटपर्यंत आणायचं, पावसात, वाटेतल्या स्पीडब्रेकरवरून? मागच्या गेटला कोण जाणार, मांजर?

मी आठ हजार किलोमीटर फिरलो. ढाब्यावाल्यांनी ट्रक मागे घेऊन मला जागा करून दिली. भाषा कळत नव्हती तरी दिली. आणि तुम्ही, ज्यांच्याबरोबर मी अठरा वर्षं एका नळाचं पाणी पितोय, तुम्हाला कमान बांधण्याआधी कुणाकडून तरी एक टेप मागून घेता आली नाही? कमळाचा रंग अबोली की गुलाबी यावर ग्रुपवर ६७ मेसेज आहेत. काल रात्री बसून सगळे वाचले. उंचीवर एकही नाही. माझाही नाही, कबूल.

माझा पॅनेल गेला तो गेला, त्याचे पैसे कुणी देऊ नका. कमान पाच फूट वर उचला, नाहीतर काढा. आणि त्या दोन गाड्या भंगारात घाला, नाहीतर मालकांनी येऊन ढकलाव्यात. उद्या सकाळी साडेसातला मी टेप आणि शिडी घेऊन गेटवर उभा आहे. खाली या. अंगठे पाठवू नका.