खुलासा : ‘तास भरा, मायनर मिळवा’ हे खरं नाही

‘नागरी व सामुदायिक सहभाग’ या मायनरला (पदवीच्या मुख्य विषयासोबत घ्यायच्या दुय्यम विषयाला) अभ्यास नसतो, स्वयंसेवेचे तास भरले की झालं, असा मेसेज फिरतोय. मी हा विषय शिकवते. हे चूक आहे. स्थानिक शासन, सार्वजनिक धोरण असे पेपर द्यावेच लागतात. प्रत्यक्ष काम असतं, पण गुण मिळतात ते त्यातून काय उमगलं याला. अमेरिकेत १९६०च्या दशकात रुजलेल्या ‘सेवा-अध्ययना’चा, म्हणजे सेवा करता करता शिकण्याच्या पद्धतीचा, गाभाच तो. एक विद्यार्थिनी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. मुलं कमी का येतात, हे तिने पालकांना विचारलं, वेळ बदलायचा प्रस्ताव लिहिला. गुण त्या प्रस्तावाला होते, तासांना नाही. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. मुलं त्यावर विसंबून विषय निवडतायत.