पोटरीतला गोळा आणि कॅल्शियमची गोळी

व्यायाम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय: 'स्नायू रक्तातलं कॅल्शियम ओढून आकसतो. म्हणून जिमला जाण्याआधी कॅल्शियमची गोळी घ्या, ताकद वाढते. पोटरीत गोळा आला, तर समजा कॅल्शियम संपलं.'

पहिलंच वाक्य घसरलंय. हातापायांचा स्नायू आकसताना रक्तातल्या कॅल्शियमची वाट बघत नाही. साठा पेशीच्या आतच, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या जाळीदार पिशव्यांत असतो. त्यांच्या आवरणात रायनोडिन रिसेप्टर नावाची अवाढव्य दारं असतात: चार सारखे भाग, प्रत्येकात ५०००हून जास्त अमिनो आम्लं. मज्जातंतूचा विद्युतसंदेश आला की पेशीच्या पडद्यातलं एक प्रथिन आकार बदलतं आणि खेटून असलेलं हे दार उघडतं. कॅल्शियम बाहेर पडून स्नायूच्या तंतूंवरच्या ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मग तंतू एकमेकांवर सरकतात. १९७२ साली आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी बेडकाचे स्नायुतंतू कॅल्शियम जवळपास नसलेल्या द्रावात ठेवले. तरी ते आकसत राहिले.

हृदयाची गोष्ट मात्र वेगळी, आणि मजकूर लिहिणाऱ्याचा घोळ बहुधा इथंच झाला असावा. तिथं बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावंच लागतं, तेव्हाच पिशवीचं दार उघडतं. सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरला हे १८८३च्या सुमारास कळलं तेही अपघातानं. हृदय ठेवायचा द्राव लंडनच्या नळाच्या पाण्यात केला तेव्हा बेडकाचं हृदय धडधडत होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यावर थांबलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं!

गोळीनं ताकद? रक्तातली कॅल्शियमची पातळी गळ्यात थायरॉइडला खेटून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी काटेकोर सांभाळतात. जिमआधीची गोळी पिशव्यांत जादा माल भरत नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी दिली असेल तर घ्याच, तो प्रश्न निराळा.

आता गोळा. गोळा म्हणजे स्नायू आकसून बसणं. आतलं कॅल्शियम संपलं असतं तर पोटरी ढिली पडली असती! शिवाय ते एकदा वापरून संपत नाही. पिशवीच्या आवरणातले पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ते पुन्हा पिशवीत ओढतात, तेव्हा स्नायू सैल होतो. रक्तातलं कॅल्शियम खरोखर फार घसरलं, उदाहरणार्थ थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर, तर हातपाय आखडतात हे खरं. पण तिथं चूक पिशव्यांची नसते, मज्जातंतू अतिसंवेदनशील होऊन उगाच संदेश धाडत सुटतात. रात्री पोटरीत गोळा येणाऱ्या बहुतेकांचं कॅल्शियम ठीकच असतं. त्यांनी गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढून धरावा. पोटरी ताणली की गोळा सुटतो.