ओपिनेल, पावसाळा आणि खोबरेल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे. कमेंटच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: घडीचा चाकू घट्ट झाला तर काय करावं, या माझ्या लेखावर चिपळूणच्या या काकांचे तीन आक्षेप आहेत. एक, लेखात सांगितल्याप्रमाणे चाकू कोमट साबणपाण्यात धुतला, तेल सोडलं, तर मोकळा व्हायच्या ऐवजी आणखीच आवळला. दोन, तेल म्हणून मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणायला लावणं ही शहरी थेरं आहेत, कोकणात विळ्या-कोयत्यापासून सगळ्याला खोबरेल चालतं. तीन, चाकू घट्ट असलेलाच बरा, सैल चाकू खिशात उघडला तर? आणि जाता जाता लिहिलंय की चाकू मुलाने फ्रान्सहून आणलेला ओपिनेल आहे, आठ नंबरचा, लाकडी मुठीचा.

काका, खरी गोष्ट त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे.

धुण्याचा सल्ला स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या मुठीच्या चाकूंसाठी होता. व्हिक्टोरिनॉक्ससारखा स्विस घडीचा चाकू घट्ट होतो तो बहुतेक वेळा घाणीने. आंब्याचा रस, खिशातली धूळ, कापडाचे तंतू असं सगळं सांध्यात जाऊन वाळतं. कोमट पाण्यात बुडवून पातं दहा-बारा वेळा उघडबंद केलं की काळं पाणी बाहेर येतं, मग पुसून-वाळवून एक थेंब तेल. लाकडी मुठीचा ओपिनेल पाण्यात घालणं म्हणजे दुखणं वाढवणं.

कारण ओपिनेलची बांधणीच वेगळी. फ्रान्समधल्या सॅव्हॉयच्या डोंगरात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये हा चाकू केला आणि मूळ घडण आजही तशीच साधी आहे: बीचच्या लाकडाची गोल मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली खाच, खाचेत पातं, आडवी एक पिन. पिन असते तिथे लाकडावर धातूचं पक्कं कडं बसवलेलं असतं. त्यावर फिरणारी दुसरी रिंग, व्हिरोब्लॉक, ही 1955 ची भर. ती फिरवली की उघडं पातं मिटत नाही. आत स्प्रिंग नाही, वॉशर नाही. पातं थेट लाकडाला घासत फिरतं.

आता पावसाळ्यात काय होतं बघा. दमट हवेत लाकूड फुगतं. तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाही, पण आडव्या अंगाने चांगलंच. तुमच्या घराची दारं जुलैत चौकटीला अडत असतील, तेच इथे होतं. फक्त इथे एक जास्तीची अडचण आहे. पिनेपाशी लाकडाभोवती ते पक्कं कडं आहे, त्यामुळे लाकडाला बाहेर फुगायला वावच नाही. मग ते आत सरकतं, म्हणजे खाच अरुंद होते आणि पात्याचा बुंधा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला जातो. त्यात तुम्ही त्याला आंघोळ घातलीत. वरून सोडलेलं तेल बिचारं काय करणार? घाण अडकली असती तर त्याने वाट काढली असती. इथे जागाच उरलेली नाही.

म्हणून तेलाची बाटली उघडण्याआधी चाकू सावकाश उघडून हाताला काय लागतं ते बघायचं. सुरुवातीलाच जोर लागतो आणि मग पातं सुटतं, तर ती स्प्रिंग आहे, तो घट्टपणा मुद्दाम ठेवलेला असतो. करकर लागते, तर आत माती. एकाच कोनात अडतं, तर गंज किंवा वाकलेलं पातं. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच जड जातं, बोटाखाली लाकूड घासल्याचं कळतं, ते तुमचं दुखणं. आधुनिक स्क्रूवाले चाकू असतील तर सांध्याचा स्क्रू केसभर सैल करून बघावा, पण तो तुमचा विषय नाही.

आता करायचं काय. आधी वाळवणं. उन्हात ठेवू नका, गॅसवर तर मुळीच धरू नका, लाकूड तडकतं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमतील तेवढ्या टाका, चाकू आत ठेवून थोडे दिवस विसरा. पुड्या जुन्या असतील तर त्यांनी आधीच पोटभर ओलावा प्यायलेला असतो, नव्या घ्या. बऱ्याच चाकूंचं एवढ्याने भागतं.

तोवर फळ कापायचंच असेल तर नखाने ओढू नका. फ्रेंच लोकांकडे याची एक जुनी युक्ती आहे, सॅव्हॉयच्या लोकांचा ठोका म्हणतात तिला. रिंग मोकळ्या स्थितीत फिरवायची, बोटं खाचेपासून पूर्ण लांब ठेवायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर आपटायचं. झटक्याने पातं खाचेतून थोडं वर येतं, मग त्याची पाठ चिमटीत धरून उघडायचं. काकूंच्या डायनिंग टेबलावर नको, पोळपाटाचीही कड नको. पायरीचा दगड बरा.

वाळवूनही जड जात असेल तर मात्र लाकूड थोडं काढावं लागेल. व्हिरोब्लॉक रिंग सर्क्लिप प्लायरने (रिंग फाकवायच्या टोकदार पकडीने) फाकवून निघते. ती निसटली तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते, चष्मा घाला. मग बारीक पॉलिश पेपर स्टीलच्या पातळ पट्टीला गुंडाळायचा आणि पिनेजवळ खाचेच्या दोन्ही भिंतींवर हलके हात फिरवायचे. दोन-चार हात झाले की उघडून बघायचं, पुन्हा दोन-चार. लाकडाची पूड फुंकून काढायची. पात्याच्या बुंध्यावर दोन्ही अंगांना साधी मेणबत्ती घासायची, हेअर ड्रायरची गरम हवा देऊन मेण आत जिरवायचं, उघडबंद करायचं. मेण लाकडाला ओलावाही लवकर पिऊ देत नाही. व्हॅसलीनही चालतं. पिनेला हात लावू नका. 'रिव्हेट (म्हणजे तीच पिन) ठोकून सैल करा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ठोकल्याने रिव्हेटचं डोकं पसरतं आणि सांधा उलट आवळतो. पातं डावी-उजवीकडे पिळून सैल करणारेही असतात. त्यांचं पातं पुढे कायमचं डुगडुगतं.

इथे तुमच्या तिसऱ्या आक्षेपाला माझा पाठिंबा आहे, निम्मा का होईना. ओपिनेलमध्ये स्प्रिंग नाही, म्हणजे बंद पातं जागेवर राहतं ते लाकडाच्या पकडीवर. ती पकडच घासून टाकली तर पावसाळा सरून हवा कोरडी झाल्यावर मूठ उलटी धरली की पातं आपसूक बाहेर डोकावेल. म्हणून ऐन पावसाळ्यात पेपर मारायला बसू नये. फुगलेल्या लाकडाच्या मापाने घासलं तर कोरड्या दिवसांत खाच सैल पडते. चाकू आधी वाळवायचा, मगच घासायचा, आणि थोडा घट्टपणा राहू द्यायचा. तुमचा चाकू नवा असेल तर रिंग बंद पात्यावरही फिरवून कुलूप लागतं, ही सोय 2000 पासून आहे. खिशात उघडण्याची भीती तिथे मिटली.

पण घट्ट म्हणजे सुरक्षित, हे मला पटत नाही. बंद असताना असेल. उघडताना उलटं. ओल्या हाताने, नख मोडेस्तोवर जोर लावून ओढलेलं पातं सुटतं तेव्हा हाताचा ताबा आपल्याकडे नसतो, आणि बोटं कापतात ती त्या क्षणाला.

राहिलं खोबरेल. त्याला मी वाईट म्हटलेलं नाही. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई ही तेलं सांध्यात काही महिन्यांत चिकट होऊन बसतात, खोबरेल तेवढ्या लवकर होत नाही. चिपळुणात ते बहुतेक वर्षभर पातळही राहतं. पण ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, आणि हा ब्लॉग पुणे-नाशिकचे लोकही वाचतात. डिसेंबरच्या सकाळी त्यांच्या चाकूत तेलाऐवजी लोणी असेल. शिवाय कधी ना कधी खवट वास येतोच. लिक्विड पॅराफिन थिजत नाही, खवट होत नाही, वास नाही, पोटात गेलं तरी चालतं. ते बद्धकोष्ठाचं औषध म्हणून विकतात, त्यामुळे मेडिकलवाला जरा सहानुभूतीने बघतो, तेवढं सोसायचं. शिलाई मशीनचं तेल सांध्याला उत्तम, पण ज्या पात्याने आंबा कापायचा त्याला मी ते लावत नाही. कोयत्याला खुशाल खोबरेल लावा. कोयत्याला सांधा कुठे असतो?

जवसाचं तेल मात्र वेगळं. ते हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून मुठीला बाहेरून चोळायला छान आणि सांध्यात घालायला वाईट. चोळलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की मुलाला सांगून स्टेनलेस मागवला तर हा त्रास जाईल का. पात्यावर 'कार्बोन' लिहिलंय की 'इनॉक्स', ते बघा. इनॉक्स म्हणजे स्टेनलेसच, कार्बोन म्हणजे गंजू शकणारं कार्बन स्टील. कार्बोन असेल तर कैरी कापल्यावर पातं काळं पडेल, त्याने बिघडत नाही; तांबूस गंज दिसला तर मात्र घासून काढा आणि पुसून तेलाचा हात द्या. पण घट्टपणाचा पात्याशी संबंध नाही. इनॉक्सची मूठही लाकडाचीच असते आणि चिपळूणच्या पावसात ती तितकीच फुगेल. लाकडाची कटकटच नको असेल तर त्यांचं प्लास्टिक मुठीचं आउटडोअर मॉडेल आठ नंबरातच मिळतं, ते मागवा. ते मात्र साबणपाण्यात बिनधास्त धुवा.