पुढचा ॲक्सल बदलायचा की नाही: आजऱ्याच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण दिवाळीनंतर गाडी मिस्त्रीकडे सोडणार आहात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो. चासीवरचे पुढचे ब्रॅकेट एकदा कटरने उडवले की ते पुन्हा कंपनीसारखे बसत नाहीत.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं की इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपचं पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन (ज्यात प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं) काढून तिथे जुन्या जीपचा सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) बसवायच्या भानगडीत सहसा पडू नये. त्यावर दादांचं म्हणणं असं: ‘तुम्ही पुण्यात बसून लोकांना घाबरवता. आमच्याकडे जून ते सप्टेंबर शेतात जायचं म्हणजे काय ते येऊन बघा. जुन्या जीपा, जिप्सी सॉलिड ॲक्सलवर जन्मभर धावल्या. माझ्या व्ही-क्रॉसचं सीव्ही बूट (चाक फिरवणाऱ्या सीव्ही शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण) वर्षात दोनदा फाटलं, गाडी तर स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) टाकून तीन इंच उचललेली आहे. आमचा मिस्त्री दीड लाखात काम करून देतो. आणि कायद्याचं म्हणाल, तर कोण बघतं?’

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. ‘सॉलिड ॲक्सलने क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची जागा) वाढत नाही, उलट कमीच होतो’ असं मी सरसकट लिहिलं होतं. ते चूक होतं आणि ते वाक्य मी आज मूळ लेखात दुरुस्त केलं आहे. दगडावर हिशेब उलटा होतो. सॉलिड ॲक्सलचं एक चाक धोंड्यावर चढलं की अख्खा आस तिरका होतो, दुसरं चाक आपोआप जमिनीवर दाबलं जातं आणि मधला डिफ्रन्शलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळाही थोडा वर उचलला जातो. बैलगाडीचं एक चाक बांधावर चढताना आस कसा कलतो ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तसं होत नाही. तिथे डिफ्रन्शल चासीला बांधलेला असतो. स्प्रिंग दबली की चासी खाली येते आणि पोट दगडाच्या जवळ जातं. त्यामुळे कातळावर हळूहळू चढायचं असेल तर सॉलिड ॲक्सल सरस, यात वाद नाही.

दुसरंही बरोबर आहे. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तुटले किंवा हाऊसिंगला, म्हणजे ॲक्सलच्या लोखंडी खोळीला, तडा गेला तर तालुक्याच्या गावातला कुठलाही मिस्त्री वेल्डिंग मारून तुम्हाला घरापर्यंत पोचवतो. सीव्ही शाफ्ट तुटला तर तसं होत नाही. हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता.

पण तुमचा रस्ता कातळाचा नाही, दादा. तो तांबड्या मातीचा आहे, आणि इथे माझं मत बदलत नाही.

मुसळधार पावसात त्या वाटेवरून आधी ट्रॅक्टर जातात. ट्रॅक्टरची मोठी चाकं दोन खोल चाकोऱ्या पाडतात आणि मध्ये मातीचा वरंबा उभा राहतो. आता तुमची पिकअप त्यात उतरली असं समजा. सॉलिड ॲक्सल चाकांबरोबरच खाली जातो. चाक चाकोरीत एक वीत बुडालं की हाऊसिंगही एक वीत खाली आलं, आणि तो लोखंडी गोळा वरंब्यात नांगराच्या फाळासारखा घुसतो. मग चाकं कितीही फिरोत, गाडी पोटावर बसलेली असते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफ्रन्शल वर, चासीच्या कुशीत असतो. तिथेही क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) टेकतो, पण उशिरा टेकतो, आणि खाली सपाट पत्रा असेल तर माती खरवडत सरकतो. जिप्सी चिखलात चालायची ती फक्त ॲक्सलमुळे चालत नव्हती. १९८५ साली आलेली ती गाडी हलकी होती. तुमची पिकअप रिकामी असताना सुमारे दोन टनांची, त्यात पाठीवर भाताची पोती. त्या वजनाला जिप्सीचा दाखला लागू पडत नाही.

गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. तिथे सॉलिड ॲक्सलच्या गाड्या कशा चिखल कापतात त्याचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. पण त्या गाड्यांना विंच (दोर ओढून गाडी बाहेर काढणारं यंत्र) असते, दोन्ही टोकांना लॉकर (जोडीची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असतात, शेजारी वाट दाखवणारा माणूस असतो. त्यातल्या बऱ्याच गाड्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच घरी जातात. सोमवारी सकाळी त्यांना मुलं घेऊन गडहिंग्लजला जायचं नसतं.

आता तुमचं मूळ दुखणं. वर्षात दोनदा बूट फाटलं, आणि गाडी तीन इंच उचललेली आहे. ही दोन वाक्यं तुम्ही एकाच दमात लिहिलीत आणि मला वाटतं उत्तर त्यातच आहे. कंपनीने सीव्ही शाफ्ट जवळजवळ आडवा राहील असा बसवलेला असतो. स्पेसर टाकून चासी वर उचलली की डिफ्रन्शल वर जातो, चाक खालीच राहतं आणि शाफ्ट कायम तिरका फिरतो. रबराच्या बुटाच्या घड्या एका बाजूला एकमेकींवर घासत राहतात. त्यात तांबडी माती गेली की ती पॉलिश पेपरचं काम करते. एक दिवस रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसतात आणि वळताना कटकट आवाज सुरू होतो. त्या तीन इंचांतला दीड इंच परत खाली उतरवलात तर बहुतेक हा त्रास राहणारच नाही. बूट काही हजारांत बदलतं. त्यासाठी गाडीचा अर्धा पुढचा भाग कापायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, मग अमेरिकेत लोक इतकी वर्षं हेच करतात ते मूर्ख आहेत का? मुळीच नाही. तिथली गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. टोयोटाच्या फोर बाय फोर पिकअपला १९८५ च्या मॉडेलपर्यंत पुढे पाट्यांवरचा सॉलिड ॲक्सल होता. १९८६ पासून कंपनीने तिथे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. जुना आस त्याच घराण्यातला होता. चाकाचे सहा बोल्ट तेच, स्टिअरिंगला नव्या गाडीतही बॉक्सच (चासीवरची गिअरपेटी, जी दांड्याने चाकं वळवते). म्हणजे धाकट्या भावाला थोरल्याचा सदरा घालायचा. तरीही जुना आस नव्या गाडीच्या मागच्या आसापेक्षा सुमारे तीन इंच अरुंद पडतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांमागे दीड-दीड इंचाचे स्पेसर लावावे लागतात. सगळं जुळत असताना ही अवस्था.

आपल्या पिकअपला असा थोरला भाऊ नाही. मिस्त्री जो आस बसवणार तो जुन्या जीपचा, म्हणजे चांगलाच अरुंद आणि बऱ्याच हलक्या गाडीसाठी बनवलेला. शिवाय तुमच्या गाडीला स्टिअरिंग बॉक्स नाही, रॅक अँड पिनियन (दातेरी आडवा दांडा) आहे. रॅक चासीला घट्ट बांधलेला असतो, आस वरखाली नाचतो, त्या दोघांचं जमत नाही. म्हणजे बॉक्स नवा, चासीला आतून पट्टी मारून त्याची जागा नवी, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात) नवा, ड्रॅगलिंक (तिथून चाकापर्यंत जाणारा दांडा) नवी. पुढचा प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे पाइप, शॉकअपचे ब्रॅकेट हे वेगळंच. एबीएसचे सेन्सर जुन्या हबवर बसत नाहीत, तेव्हा डॅशबोर्डवरचा दिवा कायमचा पेटलेला आणि ओल्या घाटात एबीएस बंद.

मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा: पुढच्या आणि मागच्या क्राऊन पिनियनचा (डिफ्रन्शलमधल्या गिअरजोडीचा) रेशो किती आहे? मागे ४.१ आणि पुढे ४.३ असेल तर फोर बाय फोरमध्ये दर शंभर मीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांत जवळपास पाच मीटरचा फरक पडतो. चिखलात चाकं घसरून तो फरक जिरतो. कोरड्या कातळावर तो कुठेतरी साठत जातो आणि शेवटी ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीची) चेन किंवा शाफ्टचा क्रॉस तुटतो. हे उत्तर मिस्त्रीच्या तोंडावर तयार नसेल तर गाडी तिथून परत आणा.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या एका जवळच्या मित्राने जुन्या पिकअपला सॉलिड ॲक्सल बसवून घेतला. मीही त्या कामात आनंदाने नाचलो होतो, ते आधी सांगतो. काम पूर्ण झाल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही भोरहून वरंध घाटाने महाडकडे निघालो. मी चालवत होतो. सपाटीवर गाडी सुरेख चालली. घाट उतरायला लागलो आणि पहिल्या वळणाआधी ब्रेकला पाय लावला, तशी गाडीने डावीकडे ओढ घेतली. मला वाटलं रस्ता कललेला असेल. दुसऱ्या वळणावर तेच. ब्रेक दाबला की नाक खाली, आणि नाक खाली गेलं की गाडी डावीकडे. सरळ ठेवायला स्टिअरिंग उजवीकडे तीन-चार बोटं धरून ठेवावं लागायचं, आणि ब्रेक सोडला की ती उजवीकडे झेपावायची. तिसऱ्या वळणावर डाव्या हाताला कठडा नव्हता. मित्र काहीच बोलला नाही, त्याने फक्त वरची कडी धरली. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेकला जमेल तितका कमी पाय लावत उतरलो. खाली पोचल्यावर माझा सदरा पाठीला चिकटला होता. महिना जानेवारीचा.

रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून आम्ही गाडीखाली झोपलो. दोष डोळ्यांना दिसत होता. उजवीकडच्या बॉक्सपासून डाव्या चाकाच्या नकलपर्यंत (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यापर्यंत) जाणारी ड्रॅगलिंक शिडीसारखी उभट तिरकी होती. चासी खाली आली की ती लिंक आडवी व्हायला जाते, आडवी होताना तिची पोच लांब पडते आणि ती चाकाला ढकलते. ब्रेक मारणारा माणूस नकळत गाडी वळवत असतो. गॅरेजवाल्याने वेल्डिंग चांगलं केलं होतं, एकही सांधा कच्चा नव्हता. फक्त कोन चुकला होता. ती लिंक आडवी करायला नकलवर उंच आर्म बसवावा लागला, दोनदा लेथवर काम झालं, आणि गाडी पुढचे तीन महिने उभी होती. त्यानंतर ताशी सत्तरच्या पुढे पुलाच्या सांध्यावरून गेलं की पुढची दोन्ही चाकं थडथडायची, ते कॅस्टरचा कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) चुकल्यामुळे. पाट्यांखाली पाचरी घालून ते कमी झालं, गेलं नाही.

म्हणून दीड लाखाचा आकडा मला पटत नाही. तो बसवण्याचा आकडा आहे. गाडी घाटात सरळ चालावी याचा आकडा त्यात नसतो.

कायद्याचं मी पूर्वी लिहिलंय, पुन्हा थोडक्यात. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. ‘कोण बघतं’ हे रोजच्या चेकनाक्यावर चालून जाईल. पण अपघात झाला, त्यात समोरच्याला काही झालं, आणि विम्याच्या सर्व्हेअरने गाडीखाली वाकून बघितलं, तर तो नक्की बघतो. त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलायला मिस्त्री येणार नाही.

मग पावसात शेतात जायचं कसं? तुमच्या जागी मी असतो तर पैसे असे लावले असते. स्पेसर कमी केला असता. चांगले मड टायर घेतले असते, आणि चिखलात उतरण्याआधी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत कमी केली असती, घरी आल्यावर पुन्हा भरायला छोटा कॉम्प्रेसर. उरलेल्या पैशांत मागे लॉकर. तुम्ही अडकता तेव्हा बहुतेक वेळा एक चाक हवेत किंवा लोण्यात फिरत असतं आणि त्याच्या जोडीचं चाक गप्प उभं असतं. लॉकर ते गप्प चाक कामाला लावतो. मुळशीजवळच्या एका चढावर मी हे स्वतः केलंय. लॉकरशिवाय पाच वेळा मागे घसरलो, लॉकर लावून पहिल्या झटक्यात वर. सस्पेन्शन तेच, टायर तेच, पाऊसही तोच. पण आधी टायर घ्या, लॉकर नंतर, आणि लॉकर तुमच्याच मॉडेलसाठी बनलेला असेल याची खात्री करून घ्या.

आणि सॉलिड ॲक्सलचीच ओढ असेल, तर ती ओढ मला कळते. मग ज्या गाडीला तो जन्मापासून आहे ती दुसरी गाडी म्हणून घ्या: जुनी एमएम ५४०, किंवा चांगली जिप्सी. पोती पिकअपमधून, चिखल जीपमधून.

सध्या पाऊस थांबलाय, चाकोऱ्या वाळून टणक झाल्या असतील. गाडी कापायच्या आधी दोन मापं घ्या. शेताच्या वाटेवर चाकोरीच्या तळापासून मधल्या वरंब्याच्या माथ्यापर्यंतची उंची, सगळ्यात वाईट जागी. आणि गाडी सपाट फरशीवर उभी करून पुढच्या चाकामागून सीव्ही शाफ्टचा एक फोटो, मोबाइल अगदी आडवा धरून. दोन्ही इथेच टाका. मी जुन्या जीपच्या हाऊसिंगखाली किती जागा उरते ते मित्राच्या अंगणात पडलेल्या आसावर मोजून ठेवतो, म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवून बोलता येईल.