33 आणि 34 च्या मधे

माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीचा बोल्ट निघाला. बातमी आनंदाची आहे आणि ती मी दात-ओठ खात देतोय.

गाडी दोन सीटांची, उघड्या टपाची, इंग्लिश, 1969 सालची. इंजिन 1275 सीसी. याच घराण्याचं इंजिन मिनीतही होतं आणि ते 1951 पासून 2000 पर्यंत बनत राहिलं, म्हणजे त्यात काहीतरी चांगलं असणारच, असं मी बायकोला सांगतो. ती अंगणातल्या डागाकडे बघते. मागच्या बाजूला क्रँकशाफ्टला तेल अडवणारं रबरी सील नाहीच. शाफ्टवर आटे कोरलेत, ते फिरताना तेल आत ढकलतात. गाडी थांबली की तेलाला अडवणारं कोणी नाही. त्याला इलाज नाही. पुढे टायमिंग कव्हरमध्ये मात्र सील आहे. ते बदलायचं तर पुली काढायची, आणि पुली काढायची तर हा बोल्ट.

बोल्टचं डोकं एक पूर्णांक 5/16 इंच, म्हणजे 33.3 मिलिमीटर. 33चा पाना चढत नाही, 34चा डुलतो आणि कोपरे खातो. शेवटी कोल्हापुरातल्या उद्यमनगरातून 33चा सॉकेट आतून घासून आणला. कारागिरानं विचारलं, "ट्रॅक्टरचा का?" स्पोर्ट्स कारचा म्हटल्यावर दर वाढला.

रात्री डिझेल सोडलं. सकाळी गॅसच्या टॉर्चनं तापवलं. गाडी चौथ्या गिअरमध्ये, बायको आत ब्रेक दाबून, आणि टॉमीला, म्हणजे सॉकेटच्या दांडीला, लांबलचक पाइप, तो गल्लीत आडवा. एवढ्यात गंगावेशीच्या कट्ट्यावर धार काढून गवळीमामा परतले. पुढे त्यांची मोटरसायकल, मागे सुंदरी. दिवाळीच्या पाडव्याला सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाडीमागे पळायची सवय असल्यानं ती एरवीही मोटरसायकलच्या मागनंच चालते. पंढरपुरी म्हैस, शिंगं पार खांद्यापर्यंत.

"काय झालंय?"

"बोल्ट जाम झालाय, मामा."

"मग काढताय कशाला? घट्ट बसलाय की चांगला."

"तेल गळतंय. सील बदलायचंय."

"किती गळतंय?"

"थेंब थेंब."

मामांनी गाडी स्टँडला लावली. "ही दोन वेळचं मिळून आठ लिटर देती. तुमची थेंब थेंब, आन् तेबी काळं." मग किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. ते बोटांवर हिशेब करत राहिले आणि म्हणाले, "चार म्हशी आल्या असत्या. चारी गाभण." आतून बायको म्हणाली, "ऐका जरा." हे मला होतं.

"पासिंग हाय का हिचं?"

हा प्रश्न मला कोणी विचारू नये. 2021च्या नियमानं पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, वर रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या, दुरुस्तीला न्या. माझी गाडी कायदा तंतोतंत पाळते, शेवटच्या दोन कामांखेरीज ती कुठे जातच नाही. आणि शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार आली की हीच गल्ली मोबाइल उंच धरून टाचांवर उभी असते. तिथं कोणी विचारत नाही, भंगारात काय भाव येईल म्हणून. मला दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारतात. उजेडाला बॅटरी धरायला मात्र एक हात पुढे येत नाही.

"जोर लावून न्हाई जमायचं," मामा सांगत होते. "मायेनं घ्यायचं. म्हशीला पान्हा फुटत नसला तर आपण काय पाइप लावतो?"

मी पाइप सोडून त्यांच्याकडे वळलो, दोन शब्द सुनवायलाच. तेवढ्यात सुंदरीनं पाइपखाली मान घातली आणि खाज भागवायला ती सावकाश वर उचलली. कडाक्! बायको आत किंचाळली. पाइप आकाशाकडे बघत होता आणि बोल्ट सैल झाला होता.

आता नीट बघा. रात्रभर डिझेल मुरलं होतं. लोखंड तापून प्रसरलं होतं. सॉकेट मापात होता. समोरून बघताना उजवीकडचा पाइप वर गेला की बोल्ट उलटा फिरतो, तो तसा लावला कोणी? मी. हे सगळं मी तिथं जमलेल्या लोकांना समजावलं. ते तोवर सुंदरीच्या कपाळाला हळद लावत होते. शेजारच्या काकूंनी तिला अख्खी भाकरी दिली. सकाळपासून मला कोणी चहा विचारला नव्हता.

पुली अजून चिकटलेलीच आहे. पुलर लावायचा तर तो मधल्या बुडख्याला धरायला हवा, कडेला धरला तर पुलीच फुटायची. ते काम मी दार लावून करणार आहे.

काल शिरोलीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या विहिरीवरच्या पंपाचा नट जाम झालाय. म्हणाला, "तुम्ही नाही आलात तरी चालंल. म्हस पाठवता का? भाडं काय घेती?"